दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांसाठी हाताने काय बनवता येईल? (शोपीस नको!!)

परळची_पोर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी एफवायला आहे, परवा शेवटचा पेपर झाला की दिवाळीची सुट्टी. यंदा मी आणि धाकटा भाऊ (चौथीत आहे) मिळून घरच्यांना स्वतः बनवलेलं काहीतरी द्यायचं ठरवलंय. घरात आई, बाबा, आजी. बजेट दोघांचं मिळून ५०० रुपये, त्यातले शंभर त्याच्या गल्ल्यातले आहेत म्हणून तो प्रत्येक गोष्टीत मत देतो. अडचण अशी की घर एक रूम किचन, आणि आईने आत्ताच बजावून ठेवलंय की रंगवलेली बाटली, आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, लोकरीचं झाड असलं काही घरात आलं तर सरळ भंगारवाल्याला देईन. तिचंही बरोबर आहे, ठेवणार कुठे. फ्रीजवर माझा सातवीतला पेनस्टँड अजून आहे, त्यात पेनं सोडून सगळं असतं.

यूट्यूबवर बघावं तर शोपीसच शोपीस, आणि सगळ्यांकडे ती ग्लू गन. तर असं काय करता येईल जे रोज वापरलं जाईल किंवा संपून जाईल?

निवांत_नाना
आईला फराळाला मदत करा. याहून मोठी भेट नाही.

कल्याण_स्लो
आले नाना. कोणताही धागा काढा, उत्तर 'आईला मदत करा'. मागे मोबाईलची बॅटरी लवकर संपते म्हणून विचारलं होतं तेव्हाही हेच.

खडीसाखर
संपून जाणारं हवंय ना, मग उटणं कर. अभ्यंगस्नानाला सगळ्या घराला लागतं आणि दोन-चार दिवसांत संपतं, जागेचा प्रश्नच नाही. मी कॉलेजात असल्यापासून करतेय, प्रमाण देते. मसूर डाळीचं पीठ २०० ग्रॅम, मुलतानी माती ५०, मग आंबेहळद, नागरमोथा, कापूरकाचरी, वाळा, गुलाबपाकळी यांच्या पावडरी प्रत्येकी २५ ग्रॅम. संत्र्याच्या साली कडकडीत वाळवून दळून घातल्यास तर छानच. सगळं काष्ठौषधींच्या दुकानात सुटं मिळतं, दादरला मिळेलच. चंदन पावडर फार स्वस्त मिळाली तर घेऊ नको, ते चंदन नसतं. सगळं एकत्र करून वस्त्रगाळ करायचं म्हणजे तलम कापडातून चाळायचं, चाळणीने चाळलेलं अंगाला टोचतं. हे काम चौथीतल्या भावाला दे, नाकाला रुमाल बांधून. आणि ओला चमचा अजिबात लावायचा नाही, बुरशी येते.

आधी प्रत्येकाच्या हाताला थोडं लावून बघा, कोणाकोणाला आंबेहळदीने खाज येते.

तिखटमीठ
मी वाईटपणा घेते. हाताने बनवलेल्याचं एवढं कौतुक का असतं? ५०० रुपयांत आईला कुकरची नवी रिंग, चांगली चहाची गाळणी आणि एक धारदार विळी येईल. रोज वापरेल, रोज आठवण काढेल. मुलांनी केलेली वस्तू आयांना मनापासून आवडते हा जाहिरातवाल्यांनी पसरवलेला समज आहे. आमच्याकडे मुलाने 'कुपन बुक' दिलं होतं, 'हे कुपन दाखवा आणि पाय चेपून घ्या', 'हे कुपन दाखवा आणि भांडी घासून घ्या'. एकही वटलं नाही. दाखवलं की म्हणतो आज परीक्षा आहे.

हिशोबनीस
@तिखटमीठ, त्या कुपनांवर मुदत लिहिली होती का? नसेल तर अजून वैध आहेत. त्याचं लग्न झाल्यावर सुनेसमोर काढा.

कल्याण_स्लो
हाहाहा. व्याजासकट.

शाळाबाई
तिखटमीठ म्हणतायत त्यात तथ्य आहे, पण वेगळ्या कारणाने. मी प्राथमिकला शिकवते. दिवाळीआधी कार्यानुभवाच्या तासाला 'पालकांसाठी भेट' असं काही ठरवलं की दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाच्या वस्तू बघूनच कळतं की रात्री बारापर्यंत कोणाची आई बसली होती. म्हणजे आईने स्वतःसाठीच भेट बनवायची, वर सकाळी ती मिळाल्यावर आश्चर्यही दाखवायचं. माझ्या वर्गात म्हणूनच सगळं तासातच होतं, घरी न्यायचं नाही. वाकडं झालं तर वाकडं.

परळच्या पोरी, भावाला चौथीच्या हाताला झेपेल असंच काम दे आणि त्यावर नंतर तू सफाईचा हात फिरवू नको. एवढं पाळलंस तर वस्तू कुठलीही चालेल.

गच्चीवरचा
पणत्या रंगवा की. धारावीच्या कुंभारवाड्यात नव्वद फूट रोडला साध्या मातीच्या पणत्या ढिगाने मिळतात, डझनावर घ्या. आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर तेल पिऊन टाकतात, मग उन्हात पूर्ण वाळवून बाहेरून ॲक्रेलिक. पोस्टर कलर तेलाने सुटतो. आतून आणि वातीच्या टोकाला रंग लावायचा नाही, तो पेटतो. थोडं वारली काढलंत तर अजून भारी दिसतं.

डहाणूचा_चिकू
वारली काढा पण नीट काढा राव. हल्ली पणतीपासून पडद्यापर्यंत तेच तीन नाचणारे लोक छापलेले असतात. मूळ चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने काढतात, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा ब्रश करतात. गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर सगळं जग उभं राहतं. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं मुलांना आधी दाखवा, मग ब्रश हातात द्या. मासे पकडायचं जाळं आख्ख्या चित्रभर पसरलेलं बघितलं की पोरं 'तीन माणसं आणि एक झाड' याच्या पुढे जातात.

माहीम_कॉजवे
मेणबत्त्या कोणी सुचवायच्या आत सांगतो, करणार असाल तर मेण कधीही थेट गॅसवर ठेवायचं नाही. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. आमच्या खालच्या मजल्यावर एका सुट्टीत हा प्रकार झालाय, सगळे ठीक आहेत पण ओट्यावरच्या टाइल्स अजून काळ्या आहेत. एक रूम किचनमध्ये नकोच ते.

तिखटमीठ
बघा, गाळणी घेतली असती तर टाइल्स पांढऱ्या राहिल्या असत्या.

कंदीलवेडा
अरे एवढे प्रतिसाद झाले आणि आकाशकंदील कोणी काढला नाही?? मुंबईत राहता की कुठे!

पोरी, घराला कंदील कर. कामट्यांचा (बांबूच्या पातळ काड्यांचा), पारंपरिक. थर्माकोलचा विचारही नको, २०१८ पासून बंदी आहे आपल्याकडे आणि तसाही तो दिसतो फरसाणच्या खोक्यासारखा. हिशोब सोपा आहे, सारख्या मापाच्या २४ कामट्या लागतात. चार चार बांधून आधी चार चौकोन करायचे. ते टोकावर उभे करून बाजूचे कोपरे एकमेकांना बांधायचे, कडं तयार होतं. मग वरच्या चार टोकांना चार कामट्या, खालच्या चार टोकांना चार. झाला सांगाडा, ६ चौकोन आणि ८ त्रिकोण. कामटी २० सेमीची घेतलीस तर उंची साधारण २८ सेमी येते, चाळीच्या दाराला बरोबर. चौकोनांना रंगीत पतंगी कागद, त्रिकोणांना पांढरा, कडांना सोनेरी पट्टी, खाली झिरमिळ्या. तळाचा चौकोन उघडा ठेव, बल्ब तिथूनच आत जातो. बल्ब एलईडीच, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो.

कामट्या बुरुडाकडून घे, तो तासून देतो. कागद घ्यायला क्रॉफर्डला अब्दुल रहमान स्ट्रीटवर जा, पण रविवारी नको, त्या भागातली बरीच दुकानं बंद असतात. आणि एकदा माहीमच्या कंदील गल्लीत चक्कर मार, नुसतं बघायला. दिवाळीच्या आधी तिथे गल्लीच दिसत नाही, वर सगळे कंदीलच.

परळची_पोर
कंदीलवेडा काका, भाऊ हे वाचून उड्या मारतोय. पण दिवाळी झाल्यावर ठेवणार कुठे? आई तोच प्रश्न विचारणार.

कंदीलवेडा
म्हणून तर कामट्यांचा म्हणालो! गाठी दोऱ्याच्या मारायच्या, तार किंवा ग्लू गन नाही. तुळशीचं लग्न झालं की कागद काढून टाकायचा, दोरे कापायचे, २४ काड्यांची जुडी रबर लावून कपाटामागे. पुढच्या वर्षी परत. आमच्याकडे त्याच कामट्या मुलाच्या शाळेपासून चालल्यात आणि तो आता नोकरीला लागला.

निवांत_नाना
आमच्या लहानपणी कंदिलाचा कागद चिकटवायला खळ घरी शिजवायचो. मैद्याची. त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचो म्हणजे झुरळं कागद खात नाहीत.

शाळाबाई
नाना, मोरचूद विषारी असतो, लहान मुलांच्या हातात नको. तुरटी घाला, तीही खळ टिकवते. दोन चमचे मैदा, एक कप पाणी, गुठळी न होऊ देता ढवळत शिजवायचं, उतरवताना तुरटीची पूड. थंड झाल्यावर घट्ट होते म्हणून थोडी पातळच उतरवा.

निवांत_नाना
आम्ही सगळे जिवंत आहोत.

हिशोबनीस
नाना, झुरळंपण जिवंत आहेत.

वसईकरीण
कंदिलाचं वाचून आमच्या नाताळच्या चांदणीची आठवण झाली, तीही अशीच कामट्यांची आणि पतंगी कागदाची, फक्त पाच कोनांची. गावात अजून बरीच घरं स्वतःच बांधतात. आम्हा मुलांचं सुट्टीतलं काम म्हणजे चांदणी, गोठा (येशूजन्माचा देखावा) आणि कुलकुल. कुलकुल म्हणजे मैद्याची गोळी काटा-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी दिसते, मग तळून साखरेत घोळवायची. दुपारभर सगळी भावंडं एका ताटाभोवती काटे घेऊन, आणि अर्धी कच्चीच खायची.

पण मी लिहायला आले ते वेगळंच. गोठ्यात हिरवं गवत दिसावं म्हणून आमच्याकडे आधी नाचणी पेरून ठेवतात. तसं तू आईसाठी मेथी पेर. पसरट डबा किंवा आमरसाचा रिकामा ट्रे, खाली भोकं, थोडी माती किंवा कोकोपीट, मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पसरायचे, वर मातीचा पातळ थर, खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवायचं. आठ-दहा दिवसांत ती बारीक समुद्रमेथी मिळते ना बाजारात जुड्यांमध्ये, तेवढी होते. मुळासकट उपटून धुऊन भाजी. घरातल्याच दाण्यांत होतं, दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत. म्हणजे खाऊन संपणारी भेट :)

कल्याण_स्लो
आईला मेथी भेट द्यायची, मग ती निवडायची कोणी? आईनेच.

वसईकरीण
समुद्रमेथी निवडत नाहीत हो, मुळं कापली की झालं. भाजी कधी करून बघितलीयत का? :)

कल्याण_स्लो
माघार.

धावदोरा
बाबांचं कोणी बोलत नाहीये. बाबा नोकरीला डबा नेत असतील तर डब्याची पिशवी शिव. कापड विकत घेऊ नको, त्यांचीच जुनी पॅन्ट उसव, पायाचं कापड मजबूत असतं. डबा मोजायचा आणि त्यावरून माप काढायचं. गोल डबा १५ सेमी व्यासाचा असेल तर घेर ४७ सेमी होतो, त्यात ५ सेमी सैलपणा आणि २-३ सेमी शिलाईला सोड. उंचीला डबा, तळासाठी व्यासाचा अर्धा भाग आणि वर मुडपायला ८ सेमी. तळ गोल कापायच्या फंदात पडू नको, सरळ पिशवी शिवून खालचे दोन कोपरे आतून त्रिकोणी टीप मारून दाबले की तळ आपोआप चौकोनी बसतो. मशीन नसेल तर दुहेरी दोऱ्याने उलटी टीप घाल. धावदोरा नको (नाव माझं असलं तरी), वजनाने उसवतो. पट्टा लांब ठेव, लोकलमध्ये खांद्याला अडकवता आला पाहिजे, दोन्ही हात दांडीला लागतात. आणि पॅन्टचा मागचा खिसा तसाच बाहेरच्या बाजूला येऊ दे, त्यात पास आणि चमचा मावतो.

तिखटमीठ
हे मला पटलं. हे गाळणीच्या दर्जाचं आहे.

माहीम_कॉजवे
आजची सर्वोच्च पदवी.

अनारसा_हसला
मी उशिरा आले पण माझं ऐका. मी कॉलेजात असताना आईसाठी आजीच्या पाककृतींची वही केली होती. 'वही केली' म्हणजे आजीला विचारून लिहिलं असं नाही, कारण आजीला विचारलं की उत्तर येतं 'मावेल तेवढं', 'अंदाजाने', 'हाताला कळतं'. मी वजनकाटा घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले. ती डब्यात हात घालायची, मी तो हात आधी काट्यावर रिकामा करायला लावायचे. पहिल्या दिवशी वैतागली, नंतर तिलाच मजा यायला लागली, आपण मोहन किती घालतो ते तिलाही माहीत नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिची वाटी मोजली. प्रत्येक घरात मापाची एक वाटी असते आणि प्रत्येकीची वेगळी. वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग काठोकाठ पाणी भरायचं, जितके ग्रॅम तितके मिली. आमची १६० मिलीची निघाली, पुस्तकातली कृती बिघडते आणि आजीची जमते याचं अर्धं कारण तिथेच. अनारशाचं तर पानच वेगळं केलं होतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कापडावर पसरायचे पण खडखडीत वाळू द्यायचे नाहीत, हाताला दमट लागतात तेव्हाच दळायचे. गूळ वजनाने. थापताना खसखशीवर थापायचा आणि तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. अनारसे हसले (तुपात विरघळले) तर पिठाचं काय करायचं तेही विचारून लिहिलं.

परळच्या पोरी, आता दिवाळीत आजी हे सगळं करणारच आहे. काटा घेऊन उभी राहा. खर्च एका वहीचा. आणि नानांचं फराळाला मदत करणंही त्यातच होतं.

निवांत_नाना
मी पहिल्या प्रतिसादातच सांगितलं होतं.

परळची_पोर
बाप रे किती सुचवलंत सगळ्यांनी. आत्तापर्यंतचं असं: घराला कंदील (भाऊ, मी फक्त गाठी मारायला बोट धरणार, शाळाबाई लक्षात आहे). बाबांना डब्याची पिशवी, जुनी पॅन्ट आईने आजच काढून दिली, कशाला हवी ते सांगितलं नाही, तिला वाटलं लादी पुसायला. आईला मेथी आणि पाककृतींची वही. उटणं सगळ्यांना.

पण यात एक घोळ आहे. वही आजीकडून घेऊन आईला द्यायची, मग आजीला काय? उटण्याची पुडी एवढंच? ती बोलणार नाही काही पण बघेल नक्की.

हिशोबनीस
आजीकडून माल उचलून सुनेला भेट. पोरी, तू घरात महायुद्ध लावणार.

शाळाबाई
आजी पोथी-स्तोत्रं वाचतात का? वाचत असतील तर त्यांच्या रोजच्या आरत्या आणि स्तोत्रं मोठ्या अक्षरात लिहून द्या. छापील पुस्तिकांचं अक्षर फार बारीक असतं, चष्म्याबरोबर भिंगही घ्यावं लागतं. अक्षर किमान दीड सेंटीमीटर उंच, काळ्या जाड पेनाने, पिवळसर कागदावर (पांढरा चकाकतो), एका पानावर सहा-सात ओळींच्या वर नको. जोडाक्षरं मोकळी लिहा. मागचं पान कोरं ठेवा, शाई पलीकडे दिसली की वाचताना त्रास होतो. स्पायरल बाइंडिंग करून घ्या म्हणजे पाटावर सपाट उघडी राहते. यात भावाला घ्या, चौथीच्या मुलाचं अक्षर तसंही मोठंच असतं.

धावदोरा
हे फार छान आहे. माझ्या सासूबाईंसाठी करते आता.

तिखटमीठ
शुद्धलेखन तपासून द्या मात्र. आजी लोकांना एक चुकलेला ऱ्हस्व दीर्घसुद्धा दिसतो, भिंग नसताना.

परळची_पोर
शाळाबाई 🙏 भावाचं अक्षर खरंच तेवढंच आहे, एका ओळीत तीन शब्द. आजीची पुस्तिका हळूच काढून फोटो काढलेत, परत जागेवर ठेवली. तो म्हणतोय मागे स्वतःचं नाव लिहिणार आणि खाली 'किंमत १०० रुपये', कारण गल्ल्यातून तेवढे दिलेत.

उद्या पेपर संपला की दादरला उतरतेय, उटण्याचं सामान घ्यायला. खडीसाखरताई, वाळा पावडर नाही मिळाली तर?

खडीसाखर
वाळा नसला तरी चालेल, तेवढाच नागरमोथा जास्त घे. कापूरकाचरी मात्र चुकवू नको, वास तिचाच. आणि २५ ग्रॅम सुटं देत नाहीत कुठे कुठे, ५० घ्यावं लागलं तर दुप्पट कर, शेजारी वाटता येतं.

कल्याण_स्लो
शेजारी म्हणजे आम्ही पण येतो का त्यात? कल्याणला पाठव, स्लोने.